किंबहुना

मूल होऊन घटकाही झाली नव्हती, तोच दुर्गाबाई जुने सूप घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. सुपाची एक कड उंदरांनी कुरतडली होती. घरात नवे सूप होते, पण या कामाला जुनेच लागते.

“काय हाय?” तिने सुईणीला विचारले.

“पोरगी.”

“मंग नाव उकर्डी. बारशाच्या दिवशी उकिरड्यावर ठेवून देऊ.” दुर्गाबाईने खोलीत पाऊल न टाकता हात लांबवून सूप दाराजवळच्या खुंटीला अडकवले. “रहिमाबीले सांगून ठेवते. कोंडा देऊन तेच इकत घेईन.”

बाजेवरून जमुना म्हणाली, “माही लेक उकिरड्यावर जानार नाई.”

“तुले कोनं इचारलं?”

दुर्गाबाई ही जमुनेची नणंद, भगवंतरावांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली, तेव्हा ती माहेरी आली ती कायमची. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. मुलाचे नाव आत्याने ठेवायचे असते, आणि या घरात आत्या एकच होती.

जमुनेला याआधी दोन मुली झाल्या होत्या. पहिलीचे नाव दुर्गाबाईने मनकर्णा ठेवले, दुसरीचे गोदा. मनकर्णा दात यायच्या आत गेली. गोदा रांगू लागली आणि गेली.

ज्या घरात मुले जगत नाहीत तिथे काय करायचे हे वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक असते. मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात. परक्या घरची बाई येते, मूठभर कोंडा देते आणि मूल ‘विकत’ घेते. मग ते आईला सांभाळायला म्हणून परत देते. मुलाचे नाव उकर्डी, केरी, कोंडी, असे काहीतरी ठेवतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. मरण घरात येते ते चांगली वस्तू उचलायला. केरकचरा कोणी उचलून नेत नाही.

दुर्गाबाईचा या हिशेबावर विश्वास होता आणि त्याला पुरावाही होता. तो पुरावा ती स्वतःच होती. तिच्या आधी आईला चार मुली झाल्या, चौघींची नावे देवीची, चौघी गेल्या. पाचवीला उकिरड्यावर ठेवले आणि नाव ठेवले धोंडी. दुर्गा हे नाव तिला लग्नात सासरी मिळाले.

“चार गेल्या, धोंडी राह्यली,” ती म्हणे. “आता याच्यावर बोल.”

जमुना बोललीच. “आधीच्या दोघींचे नावं तुमीच ठेवले होते, आक्का.”

“नाव मी देल्लं. दूध कोनाचं होतं?”

सुईण पाणी ओतता ओतता थांबली. जमुनेने भिंतीकडे तोंड केले आणि बाळाला पदराखाली घेतले. त्या दिवसापासून तिने दुर्गाबाईला बाळाला हात लावू दिला नाही.

---

अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस विलायतेला जाणे थांबले, त्या सुमाराची ही गोष्ट. विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि अमरावतीत जो कोणी कापसाला हात लावी त्याचे दिवस पालटत होते. भगवंतरावांची काळी जमीन चांदूर बाजाराकडे होती. आता त्यांनी शहरात, परकोटाच्या तटाबाहेर, मोठे अंगण असलेले घर बांधले होते. अंगणात अब्दुल सत्तारचे रेचे चालत. रेचा म्हणजे दोन गोल लाकडी लाटांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करायचे हातयंत्र. दिवसभर त्यांची कुरकुर चाले आणि सगळ्या घरावर पांढरी पूड बसे.

जमुनेची पहिली दोन्ही बाळंतपणे माहेरी, अकोल्याला झाली होती. या खेपेस दुर्गाबाईने जाऊ दिले नाही. “तिथूनच दोघी मरन घेऊन आल्या,” असे तिचे म्हणणे. मग जमुनेच्या आईला, पार्बताबाईला, इकडे आणावे असे ठरले. तर गाडी मिळेना. वऱ्हाडातली एकूण एक बैलगाडी कापसाला जुंपली होती. बाळंतिणीच्या आईसाठी कापसाची खेप सोडील असा गाडीवान अकोल्यात सापडला नाही. त्यामुळे त्या खोलीत जमुनेच्या बाजूचे असे कोणी नव्हते. सुईण सकाळी येई आणि जाई. बाकी वेळ ती, बाळ आणि खुंटीवरचे सूप.

आणि भिंतीपलीकडचा आवाज.

बाळंतिणीची खोली आणि ओसरी यांच्यामध्ये एकच भिंत होती, तिला वरच्या अंगाला झरोका होता. ओसरीच्या बाजूने या भिंतीला लागून रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठोडी छतापर्यंत रचली होती, त्यामुळे झरोका निम्मा झाकला गेला होता. रुई आवाज गिळते. ओसरीवर कोणी साध्या आवाजात बोलले, तर खोलीत नुसती गुणगुण येई. जोराने उच्चारलेला शब्द तेवढा धड पोचे.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला महादेवराव उतरले होते. ते पुण्याकडचे, मुंबईच्या एका व्यापाऱ्याचे कारकून. कापूस पाहून पसंत करायला आले होते. शिधा घरातून घेत, पण अन्न स्वतः शिजवीत. सगळे त्यांना पंत म्हणत. त्यांच्याजवळ मुंबईत छापलेली एक कल्पित गोष्ट होती. तीत एक राजकन्या होती, एक दुष्ट राजा, एक तळघर आणि पुष्कळसे अरण्य. दिवेलागणीला पंत ती ओसरीवर मोठ्याने वाचीत, आणि भगवंतराव व आणखी दोघे-तिघे ऐकत बसत.

पंतांना वाचताना एक सवय होती. वाक्याच्या मध्यावर ते थांबत, तपकिरीची चिमूट ओढीत आणि पुढचा शब्द टाळूवर आपटून बाहेर सोडीत. पुस्तकाच्या लेखकालाही एक सवय होती. कोणतीही गोष्ट तो एकदा सांगून थांबत नसे. लगेच तीच वाढवून सांगे, आणि जोडाच्या जागी ‘किंबहुना’ असे लिही. या दोन सवयी नेमक्या एकाच जागी येऊन पडल्या. त्यामुळे झरोक्यातून जो शब्द सगळ्यात स्वच्छ पलीकडे जाई, तो हाच.

“राजकन्या रडू लागली,” असे गुणगुणल्यासारखे ऐकू येई. मग शांतता. मग, “किंबहुना! मूर्च्छा येऊन पडली.”

“राजकन्येने राजास उत्तर दिले नाही.” शांतता. “किंबहुना! त्याच्या तोंडावर हसली.”

“राजकन्येस त्या महालाचा वीट आला.” शांतता. “किंबहुना! भिंतीवरून उडी टाकून निघून गेली.”

वऱ्हाडात बोलताना कोणी किंबहुना म्हणत नाही. जमुनेने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिच्यापाशी जेवढी माहिती पोचत होती तिच्यावरून एकच अर्थ निघत होता आणि तो तिने काढला. राजकन्येबरोबर आणखी एक बाई आहे. तिचे नाव किंबहुना. राजकन्या जिथे थांबते तिथून पुढचे किंबहुना करते. राजकन्या गप्प बसते, किंबहुना हसते. राजकन्या कंटाळते, किंबहुना उडी टाकते.

राजकन्या जमुनेला आवडत नव्हती. सारखी रडायची. पण पोटात मूल फिरू लागल्यापासून ती याच खोलीत बसून दिवेलागणीची वाट पाही ती किंबहुनेसाठी. पंत तपकीर ओढायला थांबले की तिचा श्वासही थांबे. आज काय करते ती? आणि किंबहुना दरवेळी काहीतरी करीच. एकदाही तिने जमुनेला रिकामे ठेवले नाही.

---

पाचवीची पूजा झाल्यावर भगवंतराव खोलीच्या दाराशी आले आणि तोंड बाजूला करून उभे राहिले.

“बरं हाय न?”

“बरं हाय. पोरीचं नाव मी ठरवलं.”

“नाव आत्या ठेवते.”

“ठेवू द्या न आत्याले. पन मी सांगन तेच. किंबहुना.”

“काय?”

“किंबहुना. पंताच्या पोथीतली. राजकन्येसंग असते ते. तुमी तं रोज आयकता.”

भगवंतराव रोज ऐकायला बसत हे खरे होते. पण तक्क्याला पाठ लागली की त्यांचा डोळा लागे, आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कोणापाशी कबूल केली नव्हती. पुण्याच्या माणसापुढे तर मुळीच नाही.

“हो, हो. किंबहुना,” ते म्हणाले. “बहाद्दर बाई हाय. परवाच नाई का, त्या राजाले...”

“भिंतीवरून उडी मारली तिनं.”

“तेच तं सांगून राह्यलो मी.”

“अमरावतीत हाय का कोनाच्या पोरीचं असं नाव?”

भगवंतरावांनी विचार केला. या वर्षात त्यांनी मुंबईहून घंटा वाजणारे घड्याळ आणले होते. ते घरात कोणाला वाचता येत नव्हते, पण दुसऱ्या कोणाकडे तसले घड्याळ नव्हते.

“नाई,” ते म्हणाले. “कोनाचंच नाई.” आणि मिशीवरून हात फिरवीत ते बहिणीला सांगायला गेले.

दुर्गाबाई सरकी चाळीत होती. तिने ऐकून घेतले.

“कोनती पोथी? देवाची?”

“मुंबईची. छापलेली.”

“म्हंजे देवाची नाई.” तिने चाळण खाली ठेवली. “भगवंता, तुह्या दोन पोरी मातीत गेल्या. माती सुकली नाई. आन् तिसरीले तू मुंबईच्या बाईचं नाव देतं? सजवून ठेवतं का तिले, मरनानं लवकर ओळखाव म्हून?”

“आक्का, तिचं मन...”

“मन गेलं चुलीत. लेकरू राह्यलं पाह्यजे.”

भगवंतराव अंगणात निघून गेले. त्यांना या दोघींच्या मध्ये उभे राहणे जमत नसे. रेच्याच्या दोन लाटांमधून कापूस जातो, सरकी जात नाही, आणि आपण सरकी आहोत हे त्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी पंतांना शिधा द्यायला दुर्गाबाई स्वतः गेली. पंत चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ करीत होते.

“पंत, तुमच्या पोथीत किंबऊना कोन हाय?”

“कोण?”

“किंबऊना. राजकन्येसंगची.”

पंतांनी फुंकणी तोंडातून काढली, दुर्गाबाईकडे पाहिले, आणि मग असे हसले की चुलीतली राख उडून तांदळावर पडली. “अहो बाई, ते नाव नव्हे. शब्द आहे तो.”

“शब्द तं हायच. कोनाचा?”

“कोणाचाच नाही. ‘आणि’ कोणाचा असतो? ‘पण’ कोणाचा असतो? तसा. किंबहुना नावाची बाई पुस्तकात नाही, कुठेच नाही. कोणी सांगितले तुम्हांला हे?”

दुर्गाबाई हसली नाही. तिने राख पडलेले तांदूळ उचलून दुसरे तांदूळ ठेवले.

“बारशापावतर कोनापाशी बोलू नका,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी बलावन. तवा मले सांगतलं तेच सांगा.”

---

मधल्या दिवसांत जमुनेच्या ताटातले तूप कमी झाले. पहिल्यांदा तिला वाटले विसरले असतील. मग डिंकाचे लाडूही बंद झाले. बाळाच्या अंघोळीचे पाणी दाराशी येई ते कोमट. दुर्गाबाई खोलीवरून जाताना दरवेळी हाक मारी, “काय व उकर्डे, जागी हायेस का?”

“इथं कोनी उकर्डी नाई,” जमुना आतून म्हणे.

“हाय हाय. जागी असन तं तिच्या मायले सांग म्हना, जास्त बोलू नको, दूध आटते.”

एकदा जमुना बाळाला घेऊन दाराशी आली. तिचा आवाज बारीक झाला होता. “आक्का, ज्याच्या पोटी कोनी आलं नाई त्यानं दुसऱ्याच्या लेकराले घान म्हनू नये.”

दुर्गाबाई तशीच उभी राहिली. कमरेच्या किल्ल्या तिने मुठीत धरल्या.

“मी घान म्हनते ते जगाव म्हून,” ती म्हणाली. “तू सोनं म्हनून दोन मारल्या.”

त्यानंतर बारशापर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. जमुनेला मात्र एक गोष्ट कळत होती. नवऱ्याने मान हलवली तरी नाव आत्याच्या तोंडून निघावे लागते. आत्याने पाळण्यात तोंड घालून उकर्डी म्हटले की झाले. मग ही पोरगी जन्मभर उकर्डीच राहणार, सासरी कोणी बदलले तर बदलले. लोक हाक मारतील तेव्हा उकिरड्यालाच हाक मारतील.

---

बारशाला गल्लीतल्या बायका आल्या. पाळणा मधल्या खोलीत टांगला होता. घुगऱ्यांचे टोपले भरून ठेवले होते. अब्दुल सत्तारची बायको रहिमाबी पदराच्या टोकात कोंडा बांधून कोपऱ्यात बसली होती. तिला विकत घ्यायला बोलावले होते आणि आपले काम कधी येते याकडे तिचे लक्ष होते. दुर्गाबाईच्या मांडीवर ते कुरतडलेले सूप होते.

बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून फिरवून झाले. जमुनेने त्याला आत निजवले आणि पाळण्याची दोरी हातात धरली. सोडली नाही.

“थांबा,” दुर्गाबाई बायकांना म्हणाली. “आमच्या बाळंतिनीनं मुंबईचं नाव आनलं हाय. आधी ते आयका. सांग व, लाजतं काहून?”

“किंबहुना,” जमुना म्हणाली.

“किंब... काय?”

“किंबऊना म्हंते.”

“हे पाखराचं नाव व्हय का व माय?”

“पाखराचं नाई, साहेबाच्या मड्डमीचं असन. कापसासंग आली बोटीतून.”

बायका हसल्या. जमुनेची मान ताठ होती. “पोथीतली हाय,” ती म्हणाली. “राजकन्येची संगातीन. कोनाले भेत नाई.”

“असं?” दुर्गाबाई म्हणाली आणि दाराकडे वळून तिने मोठ्याने हाक दिली. “पंत! जरा इकडं या.”

पंत आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. इतक्या बायकांपुढे बोलायची वेळ त्यांच्यावर क्वचित आली असेल. त्यांनी उपरणे सारखे केले.

“पंत, या पोरीच्या मायले सांगा. किंबऊना कोन हाय?”

“कोणी नाही,” पंत म्हणाले. “तो नुसता जोडशब्द आहे. एक गोष्ट सांगितली, आणि तीच आणखी चढवून सांगायची झाली, की मध्ये किंबहुना म्हणतात. राजकन्या रडली, किंबहुना मूर्च्छित पडली. म्हणजे नुसती रडली नाही, मूर्च्छितच पडली.” ते थोडे हसले. “उद्या कोणी मुलाचे नाव ‘तथापि’ ठेवील.”

तथापि म्हणजे काय हे तिथे कोणाला माहीत नव्हते, पण पुण्याचा माणूस हसतो आहे म्हणजे जमुनेची काहीतरी फजिती झाली आहे हे कळले. हसण्याची लाट उठली. रहिमाबी तेवढी हसली नाही.

दुर्गाबाई जमुनेकडे पाहत होती. या क्षणासाठी तिने इतके दिवस तोंड मिटून ठेवले होते.

जमुनेचा चेहरा तापला होता. ती पंतांना म्हणाली, “मंग राजाच्या तोंडावर कोन हासलं?”

“राजकन्या.”

“भिंतीवरून उडी कोनं मारली?”

“राजकन्येनेच. दुसरे तिथे आहे कोण?”

“रडली ते बी तीच?”

“तीच हो.”

पाळण्याची दोरी तिच्या हातात हलत होती. इतके दिवस भिंतीपलीकडे दोघी होत्या. आता एकच उरली होती, आणि ती म्हणजे ती रडकी.

“झालं का समाधान?” दुर्गाबाई म्हणाली. “आता सोड दोरी. रहिमाबी, ऊठ.”

जमुनेने दोरी सोडली नाही.

“आक्का,” ती म्हणाली, “उकर्डी नाव काहून ठेवता तुमी?”

“लेकराले मरनानं ओळखू नये म्हून. शेंबड्या पोराले बी मालूम हाय.”

“मागच्या आळीतली उकर्डी कशानं मेली?”

माणिकबाई म्हणून एक बाई मागे बसली होती, ती म्हणाली, “पटकीनं. माह्या जावेचीच होती ते.”

“आन् तिची बहीन? केरी?”

“तेबी गेली. त्याच आठवड्यात.”

“मंग मरनाले हे नावं आता पाठ झाले, आक्का. गल्लीगल्लीत उकर्ड्या हायेत. त्यानं दारात येऊन उकर्डी म्हनून हाक मारली तं ओ कोन देईन? माहीच पोरगी न?”

“मी जगली,” दुर्गाबाई म्हणाली. “धोंडी जगली.”

“तवा ते नाव नवं असन.”

आता कोणी हसत नव्हते. घुगऱ्यांच्या टोपल्याकडे गेलेला एकीचा हात तिथेच राहिला.

“तुमीच पंताले बलावलं,” जमुना म्हणाली. “त्यानं साऱ्याइच्या देखत सांगतलं, किंबहुना कोनीच नाई. अशी बाई झाली नाई, कोनाच्या घरी नाई. मरनानं या घरात येऊन कोनाले धुंडाव मंग? घान तरी दिसते, आक्का. जे नाईच, ते कसं उचलाव?”

दुर्गाबाईचे बोट सुपाच्या कुरतडलेल्या कडेवरून फिरू लागले. तिने हे नाव मोडायला म्हणून जो माणूस उभा केला होता, तोच आता नावाचा साक्षीदार झाला होता. तिला राग आला होता हे सगळ्यांना दिसत होते. पण रागाखाली ती हिशेब करीत होती, कारण तो हिशेब तिचाच होता आणि त्यात चूक सापडत नव्हती. लेकरू जगायला हवे होते. ते तिला जमुनेइतकेच हवे होते. जमुनेच्या मनाप्रमाणे जगायला मात्र नको होते.

“पंत,” ती वळून म्हणाली, “देवाची शपत घेऊन सांगा. या नावाचं कोनीच नाई?”

“पृथ्वीच्या पाठीवर नाही, बाई.”

“मेलेलं बी नाई?”

“जन्मलेच नाही तर मरेल कोठून?” पंत अजून हसत होते. आपले हसणे एकट्याचे राहिले आहे हे ध्यानात आल्यावर ते थांबले आणि ओसरीकडे गेले.

दुर्गाबाईने सूप खाली ठेवले. ती उठली, पाळण्यापाशी आली आणि जमुनेकडे न पाहता बाळाच्या कानाशी वाकली.

“मोठ्यानं,” जमुना म्हणाली. “मले आयकू आलं पाह्यजे. कानात दुसरंच काई सांगसान तुमी.”

“किंबऊना,” दुर्गाबाई म्हणाली.

“मधला ह म्हना. किंबहुना.”

“तोंड माह्यं हाय. तेवढंच येते त्यातून.” आणि तिने चीड आल्यासारखे “कुर्र!” केले.

कुर्र झाले की सगळ्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तो गमतीचा भाग असतो. हात हलकाच पडतो. जमुनेचा पडला तो हलका नव्हता. दुर्गाबाईने दात आवळले आणि पाठ सरळ केली.

कोपऱ्यातून रहिमाबी म्हणाली, “मंग मी कोंडा वापस नेऊ का?”

“म्हशीपुढं टाक,” दुर्गाबाई म्हणाली.

घुगऱ्या वाटल्या गेल्या. बायका नवे नाव तोंडात घोळवीत घरी गेल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाताना त्याचे बऊना झाले. माणिकबाई जाता जाता पाळण्यात डोकावली आणि पोरीच्या पायाला हात लावून गेली. शेवटी मधल्या खोलीत दोघीच राहिल्या. दुर्गाबाई पाळण्यावरचा कापडाचा चांदवा सोडून घडी करीत होती.

“नाव मी ठेवलं नाई, तू ठेवलं,” ती म्हणाली. “मेली तं तू मारली. आजच सांगून ठेवते.”

“आन् जगली तं?”

दुर्गाबाईने घडी बगलेत मारली. “जगली तं नाव मी ठेवलं,” ती म्हणाली आणि निघून गेली. सूप जाताना तिने बाळंतिणीच्या खोलीतल्या त्याच खुंटीला पुन्हा अडकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या अंघोळीला दाराशी कोमट पाणी आले. जमुना उठली. तिने खुंटीवरचे सूप काढले, गुडघ्यावर मोडले आणि परसातल्या चुलीत घालून त्यावर पाणी पुन्हा तापवले. वाळलेला जुना बांबू होता. चटकन पेटला आणि धूर फारसा झाला नाही.

दुर्गाबाईने रिकामी खुंटी पाहिली. गोठ्याकडे जाता जाता तिने नेहमीसारखी हाक मारली.

“काय व उकर्डे, जागी हायेस का?”

बाळ इतके लहान होते की ते कोणत्याच नावाला ओ देत नव्हते. जमुनेनेही दिली नाही.